कुलपातले औषध

आपल्या देशात औषधाच्या दुकानांतून जी हजारो औषधे विकली जातात, त्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्यास कायद्याने कुलूप आलेले आहे. औषध नियम, १९४५ यांत ‘एक्स’ या अक्षराने ओळखली जाणारी जी अनुसूची आहे, तीत अँफेटामीन, बार्बिट्युरेट वर्गातील निद्राकारक द्रव्ये आणि केटामीन यांच्याबरोबरच मेथिलफेनिडेट हे नाव आढळते. हे द्रव्य विकू इच्छिणाऱ्या दुकानदारास नेहमीच्या परवान्याखेरीज ‘२०-एफ’ नमुन्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. माल केवळ त्यासाठीच राखून ठेवलेल्या कपाटात किंवा खणात कुलूपबंद ठेवावा लागतो. डॉक्टरने चिठ्ठी दोन प्रतींत लिहून द्यावी लागते आणि त्यांतील एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे दप्तरी जपून ठेवावी लागते. शिवाय अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमाच्या यादीतही हेच नाव आहे, त्यामुळे चिठ्ठीवाचून ते बाळगणे हा गुन्ह्याचा मामला ठरतो. इतक्या बंदोबस्तात ठेवलेले हे औषध ज्यांच्यासाठी प्रामुख्याने लिहिले जाते ती माणसे म्हणजे दुसरी-तिसरीत शिकणारी मुले आहेत: वर्गात जागेवर टिकून न बसणारी, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेणारी, पट्टी-पेन्सिल रोज हरवून येणारी आणि घरी दारी अखंड बोलणी खाणारी मुले.

एकच द्रव्य शासनाच्या दृष्टीने पहाऱ्यात ठेवण्याजोगे आणि वैद्याच्या दृष्टीने आठ वर्षांच्या मुलास रोज सकाळी देण्याजोगे कसे ठरले, हा प्रश्न बेंगळूरुच्या होसूर रस्त्यावरील निम्हान्सच्या, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेच्या, बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या आईबापांना पडतो तेव्हा तो केवळ कुतूहलाचा नसतो. हातात चिठ्ठी असते, मूल शेजारच्या बाकावर चढत असते आणि मनात दोन भये एकदम उभी असतात: गोळी दिली तर काय होईल आणि न दिली तर काय होईल. या दोन्ही भयांना इतिहासात आधार आहे, म्हणून तो इतिहास सावकाशीने पाहणे अगत्याचे आहे.

त्याचा उगम बालकांच्या वैद्यकात नाही. चिनी वैद्यकात शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या माहुआंग या वनस्पतीतील एफेड्रीनकडे १९२४ मध्ये चेन आणि श्मिट या दोघा संशोधकांनी पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. दम्यावर ते गुणकारी ठरले, परंतु त्याचा पुरवठा वनस्पतीवर अवलंबून असल्याने त्यास कृत्रिम पर्याय शोधण्याची निकड निर्माण झाली. त्या शोधात लॉस एंजेलिसचा रसायनज्ञ गॉर्डन अ‍ॅलिस हा ज्या संयुगापर्यंत पोचला, ते संयुग लाझार एदेलेआनू या रुमानियन रसायनज्ञाने बर्लिन येथे १८८७ सालीच सिद्ध करून ठेवले होते, मात्र त्याचा शरीरावरील परिणाम कोणी तपासला नव्हता. अ‍ॅलिसने १९२९ मध्ये तो स्वतःवर तपासला आणि नाक मोकळे होण्यापलीकडे मनास उल्हास व जागृती येते अशी नोंद केली. पुढच्याच दशकात स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकन कंपनीने हे अँफेटामीन बेन्झेड्रीन या नावाने, प्रथम हुंगण्याच्या नळीत आणि नंतर गोळीच्या रूपाने, बाजारात आणले. औषध हाती आले होते. ते कोणत्या रोगावर द्यायचे याचा शोध त्यानंतर सुरू झाला, आणि हा उलटा क्रम या औषधाच्या पुढील चरित्रात वारंवार आढळतो.

मुलांपर्यंत ते पोचले ते एका अपेक्षाभंगातून. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या लहानशा राज्यात एमा पेंडलटन ब्रॅडली होम नावाची संस्था १९३१ मध्ये उघडली होती. एमा ही सधन घरातील मुलगी. लहानपणी मेंदूच्या दाहाने तिचे उभे आयुष्य अपंग झाले, आणि तिच्या आईबापांनी आपली संपत्ती अशाच मुलांच्या उपचारासाठी ठेवली. त्या घराण्यातीलच डॉ. चार्ल्स ब्रॅडली हे संस्थेचे वैद्यकीय प्रमुख झाले. मेंदूची रचना क्ष-किरणांत स्पष्ट दिसावी म्हणून त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्याच्या जागी हवा भरण्याची एक यातनादायी पद्धत रूढ होती. तपासणीनंतर मुलांचे डोके दिवसचे दिवस दुखे. मेंदूतील द्रव लवकर भरून यावा आणि दुखणे शमावे या हेतूने ब्रॅडलींनी मुलांना बेन्झेड्रीन देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा म्हणण्याजोगा उपयोग झाला नाही, पण काही मुले शाळेच्या कामात एकाएकी रस घेऊ लागल्याचे शिक्षकांनी येऊन सांगितले. ब्रॅडलींनी मग तीस मुलांना आठवडाभर औषध देऊन बारकाईने निरीक्षण केले आणि १९३७ मध्ये ते प्रसिद्ध केले: तिसांपैकी चौदा मुलांच्या अभ्यासात डोळ्यांत भरेल असा फरक पडला होता आणि औषध थांबवताच तो मावळला होता. मुलांनी स्वतःच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली.

ब्रॅडलींविषयी मला आदर वाटतो तो या शोधामुळे जितका, तितकाच त्यांच्या संयमामुळे. औषधाने मुलाची परिस्थिती बदलत नाही आणि ज्या कारणाने ते अस्वस्थ झाले ते कारणही दूर होत नाही, हे त्यांना उमगले होते. त्यांच्या मुलांची देखभाल निवासी संस्थेत, परिचारिकांच्या आणि शिक्षकांच्या डोळ्यांसमोर अष्टौप्रहर चालत होती. पुढच्या पिढ्यांनी त्यांच्याकडून गोळी उचलली, परंतु तिच्याभोवतीची ही देखरेख बहुतेक ठिकाणी मागेच राहिली.

आज आपल्याकडे जे वापरले जाते ते मेथिलफेनिडेट हे अँफेटामीनचे दूरचे नातलग. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत लिआंद्रो पानिझोन याने ते १९४४ मध्ये तयार केले. त्याची पत्नी मार्गरीट हिने ते घेऊन पाहिले, तेव्हा टेनिस खेळताना तिला अंगात तरतरी आल्यासारखे वाटले. तिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून औषधास रिटालिन हे व्यापारी नाव मिळाले. १९५४-५५ पासून ते विकले जाऊ लागले तेव्हा ते थकवा आणि उदासीनता असलेल्या प्रौढांसाठी होते. मुलांमध्ये त्याचा शिस्तशीर, म्हणजे खऱ्या व खोट्या गोळीची तुलना करणारा, अभ्यास कॉनर्स आणि आयझेनबर्ग यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेथून त्याचा वापर झपाट्याने वाढला.

परंतु याच काळात या वर्गातील औषधांची दुसरी बाजूही जगासमोर आली होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी दोन्ही पक्षांनी ही द्रव्ये मुक्तहस्ते वाटली. युद्धानंतर जपानमध्ये उरलेला साठा बाजारात आला आणि व्यसनाची अशी लाट उसळली की १९५१ मध्ये तेथील शासनास खास कायदा करावा लागला. अमेरिकेत १९७० साली वर्तमानपत्रांतून बातमी आली की ओमाहा शहरात शाळकरी मुलांपैकी शेकडा पाच ते दहा जणांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जात आहेत. तो आकडा फुगवलेला असल्याचे नंतर सांगण्यात आले, पण प्रतिनिधिगृहात रीतसर चौकशी बसली आणि मुलांना वश करण्यासाठी औषध वापरले जाते हा आरोप तेव्हापासून कायमचा चिकटला. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, व्हिएन्ना येथे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मेथिलफेनिडेटची गणना झाली. भारताने हा करार १९७५ मध्ये स्वीकारला. बेंगळूरुच्या दुकानातील त्या कुलपाची वंशावळ ही अशी टोकियो, ओमाहा आणि व्हिएन्ना यांच्यापर्यंत जाते. ते कुलूप आपल्या मुलांचा अनुभव पाहून लावलेले नाही.

या इतिहासातील एक लहानसा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तेजक औषध घेतल्यावर चंचल मूल शांत कसे होते, याचे उत्तर पुष्कळ वर्षे असे दिले जाई की अशा मुलांचा मेंदूच विपरीत असल्याने औषधही त्यांच्यावर विपरीत परिणाम करते. आणि त्यावरून उलट निष्कर्षही काढला जाई की ज्या मुलास गुण आला, त्याला चंचलतेचा विकार होताच. ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये कोणताही विकार नसलेल्या चौदा मुलग्यांना अँफेटामीनच्या एका जातीचा एकच डोस दिला. त्यांचीही चळवळ कमी झाली, त्यांचेही लक्ष वाढले. विपरीत परिणामाची कल्पना त्या दिवशी निकालात निघाली. मेंदूच्या पुढील भागात डोपामीन व नॉरअॅड्रेनलीन या द्रव्यांचे प्रमाण वाढले की हाती घेतलेल्या कामात मन टिकते, आणि ही क्रिया निरोगी मेंदूतही घडते. तेव्हा गोळीने फरक पडला एवढ्यावरून निदान बरोबर होते असे म्हणता येत नाही. शाळेच्या दडपणाखाली ‘देऊन तर पाहू’ म्हणणाऱ्या पालकांनी आणि डॉक्टरांनी ही गोष्ट मनाशी घट्ट धरून ठेवली पाहिजे, कारण चुकीच्या निदानावर दिलेली गोळीही प्रारंभी यशस्वी दिसते आणि मूळ कारण त्या यशाखाली झाकले जाते.

मूळ कारणे किती असू शकतात हे बेंगळूरुसारख्या शहरात विशेष जाणवते. मल्लेश्वरममध्ये किंवा व्हाइटफील्डच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाची कल्पना करा: घरात मराठी, जिन्यात आणि मैदानात कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी आणि शाळेत पहिल्या दिवसापासून इंग्रजी. ज्या भाषेत पाठ चालला आहे ती भाषा पुरेशी उमगत नसेल तर मूल खिडकीबाहेरच पाहणार. एखाद्यास वाचनलेखनातील अध्ययन-अक्षमता असते. एखाद्यास कमी ऐकू येते. एखाद्यास फेफऱ्याचा असा सौम्य प्रकार असतो की ते क्षणभर शून्यात पाहते आणि गुरुजींना वाटते की त्याचे लक्ष नाही. कित्येकांची झोपच पुरी होत नाही. वर्गातील वयाचा फरकही लहान नाही: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मुलांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये असे दिसून आले की डिसेंबरात जन्मलेले, म्हणून वर्गात वयाने सर्वांत लहान ठरलेले मुलगे, जानेवारीत जन्मलेल्या वर्गबंधूंपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी अधिक प्रमाणात एडीएचडीचे, म्हणजे याच अवधान-अभाव व अतिचंचलतेच्या विकाराचे, रुग्ण ठरवले जात होते. अकरा महिन्यांच्या कोवळेपणास तेथे विकार म्हटले गेले होते.

म्हणून निदानासाठी जे नियम आहेत ते वेळखाऊ आहेत आणि तसेच ते असावेत. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाच्या जीवनात खरोखर अडथळा येत असावा. बेंगळूरुस या कामाची परंपरा आहे. येथील मनोरुग्णालयाचा प्रारंभ म्हैसूर संस्थानच्या अमदानीत १८४७ च्या सुमारास झाला. १९३० नंतरच्या दशकात ते लक्कसंद्राच्या मोकळ्या परिसरात हलले. १९५४ मध्ये त्याच आवारात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ च्या डिसेंबरात दोहोंचे एकीकरण होऊन निम्हान्स अस्तित्वात आली. तेथील बालविभागात मूल दाखल झाले तर आई किंवा बाप सोबत राहतो, आणि मुलाचे खेळणे, जेवणे, हट्ट करणे हे सारे तज्ज्ञांसमोर घडते. या संस्थेतील शोभा श्रीनाथ, सतीश गिरिमाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळूरुची मध्यमवर्गीय वस्ती, झोपडपट्टी आणि आसपासची खेडी यांतील २०६४ मुलांची पाहणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांत सर्व प्रकारचे मानसिक विकार मिळून प्रमाण १२.५ टक्के आहे. आता याशेजारी कोइमतूरची २०१३ मधील पाहणी ठेवून पाहावी: तेथे प्राथमिक शाळेतील ७७० मुलांत एकट्या एडीएचडीचेच प्रमाण ११.३२ टक्के निघाले. दोन शेजारी राज्यांतील मुलांच्या मेंदूंत इतके अंतर असणे संभवत नाही. अंतर आहे ते कोणी, कशाने आणि किती खोल जाऊन मोजले यात. अशा आकड्यांचा आधार घेऊन ‘प्रत्येक वर्गात इतकी मुले आजारी’ असे जाहिरातवजा विधान कोणी करील, तर त्यास अवश्य हरकत घ्यावी.

निदान पक्के झाल्यावर मात्र औषधास भिऊन ते नाकारणे हेही मुलाच्या हिताचे नसते, हे मी तितक्याच स्पष्टपणे लिहितो. ज्या मुलाचे बालपण शिक्षा आणि अपमान यांत चालले आहे, जे रस्त्यावर न पाहता धावते, ज्याला मित्र खेळात घेत नाहीत, त्याला या औषधाने थोड्या दिवसांत मिळणारा आराम खरा असतो. सहा वर्षांखालील मुलांत मात्र प्रथम पालकांचे प्रशिक्षण आणि वर्तनोपचार हाच मार्ग धरतात. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तास टिकतो, हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. प्रारंभ बहुधा पाच मिलिग्रॅमने करतात आणि आठवड्या-आठवड्याच्या अंतराने, गुण आणि त्रास दोन्ही पाहत, मात्रा वाढवतात.

त्रासांत पहिला भुकेचा. ‘गोळी सुरू केल्यापासून डबा तसाच परत येतो,’ ही आयांची तक्रार प्रत्येक डॉक्टरच्या कानावर येते, आणि ती क्षुल्लक समजू नये. यावर उपाय साधा पण चिकाटीचा आहे: गोळीपूर्वी पोटभर न्याहारी द्यावी, दुपारच्या डब्याविषयी सक्ती करू नये आणि संध्याकाळी अंमल उतरल्यावर मूल मागेल तेव्हा चौरस जेवण वाढावे, मग ते आठ वाजता असो की साडेनऊला. झोप लांबणे, पोटात वा डोक्यात दुखणे, चिडचिड, क्वचित डोळे मिचकावण्यासारखे झटके येणे, याही गोष्टी घडतात. बहुतेक मात्रा बदलल्यावर किंवा गोळीची वेळ अलीकडे घेतल्यावर शमतात. पण मूल ‘शहाणे’ झाले म्हणून शाळा खूश असेल आणि घरी मात्र ते हसेनासे, बोलेनासे झाले असेल, तर मात्रा अधिक होत आहे असे समजून ताबडतोब डॉक्टरांस कळवले पाहिजे. मुलाचा स्वभाव पुसून टाकणे हा उपचाराचा हेतू कधीच नव्हता.

भुकेतून निघतो तो वाढीचा प्रश्न, आणि तो इतिहासात फार लौकर उपस्थित झाला होता. सेफर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्येच दाखवले की उत्तेजक औषधे घेणाऱ्या मुलांचे वजन व उंची अपेक्षेपेक्षा कमी वाढते. त्यानंतर दीर्घकाळ यावर वाद चालला. अमेरिकेत ५७९ मुलांचा जो मोठा तौलनिक अभ्यास झाला, त्याचा पहिला निकाल १९९९ मध्ये आला तेव्हा चौदा महिन्यांच्या अखेरीस काळजीपूर्वक दिलेले औषध मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले होते आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला; अभ्यास सुरू झाल्यापासून तीन वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासले तेव्हा गटागटांतील तो फरक उरला नव्हता, आणि नव्याने औषध सुरू करून ते सतत घेतलेल्या मुलांची उंची, औषध न घेतलेल्यांच्या मानाने, सुमारे दोन सेंटिमीटरने कमी भरली होती. दुसऱ्या निकालाचा गाजावाजा पहिल्याइतका झाला नाही. दोन सेंटिमीटरांनी आयुष्य बिघडत नाही हे खरे. परंतु तो सरासरीचा आकडा आहे, आणि मुळातच अशक्त असलेल्या मुलाच्या बाबतीत सरासरीवर विसंबून चालत नाही. आपल्याकडे मोजमापाचे उत्तम साधन उपलब्ध आहे. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय बालरोग अकादमीसाठी पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांचे जे वृद्धी-तक्ते तयार केले, ते २०१५ पासून प्रचारात आहेत. औषध घेणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची व वजन सहा महिन्यांतून एकदा तरी त्या तक्त्यावर मांडले गेले पाहिजे, आणि रेषा खाली झुकू लागली तर सुट्टीच्या दिवसांत औषध तहकूब ठेवण्याचा किंवा मात्रा उतरवण्याचा विचार झाला पाहिजे. ज्या दवाखान्यात उंची मोजण्याची पट्टी भिंतीवर नाही, तेथे या औषधाची चिठ्ठी वर्षानुवर्षे नवी होत राहावी हे मला गैर वाटते.

हृदयाविषयीची भीती अधिक दारुण आणि प्रत्यक्षात अधिक विरळ आहे. नाडी मिनिटाला काही ठोक्यांनी आणि रक्तदाब काही अंकांनी वाढतो, एवढे निर्विवाद. २००५ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या शासनाने वीस आकस्मिक मृत्यूंच्या आंतरराष्ट्रीय नोंदी पाहून अँफेटामीनच्या एका दीर्घ अंमलाच्या औषधाची विक्री थांबवली आणि ऑगस्टमध्ये, पुन्हा तपासणी झाल्यावर, परवानगी परत दिली. पुढील वर्षी अमेरिकेतील औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सर्वांत कडक इशारा छापावा असा ठराव आठ विरुद्ध सात मतांनी केला, तर महिन्याभराने दुसऱ्या समितीने तशी गरज नाही असे म्हटले. तज्ज्ञांतील दुफळी इतकी समसमान होती. २०११ मध्ये बारा लाख मुले व तरुण यांच्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासात गंभीर हृदयविकाराचा धोका वाढल्याचे आढळले नाही. पण हे सारे थोड्या वर्षांच्या वापराविषयी आहे. स्वीडनमधील सुमारे पावणेतीन लाख रुग्णांच्या नोंदींवरून अलीकडे असे दिसले आहे की औषध जितकी अधिक वर्षे घ्यावे तितके उच्च रक्तदाबाचे व धमनीविकारांचे प्रमाण वाढते. जे औषध आता प्रौढांनाही दिले जाऊ लागले आहे त्याच्या बाबतीत ही नोंद फार महत्त्वाची आहे. सुरुवातीसच विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: घराण्यात कोणी तरुणपणी एकाएकी दगावले होते काय, मुलास धावताना चक्कर येते काय, हृदयाचा जन्मजात दोष किंवा संधिवाताच्या तापातून आलेला विकार आहे काय. उत्तर होकारार्थी आले तर हृदयतज्ज्ञाची खातरजमा झाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

पेमोलीन या औषधाची हकिकत येथे सांगितली पाहिजे. याच विकारावर १९७५ मध्ये अमेरिकेत ते मान्य झाले. व्यसन लागण्याचा संभव कमी म्हणून ते विशेष सुरक्षित समजले जाई. थोड्या मुलांचे यकृत पूर्ण निकामी होते हे नंतर हळूहळू उघड झाले. १९९७ मध्ये ब्रिटनने आणि १९९९ मध्ये कॅनडाने ते बाजारातून काढले, पण अमेरिकेत ते २००५ पर्यंत विकले जात राहिले. तीस वर्षे एका धोक्यावर नजर खिळवून बसल्यामुळे दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले होते.

‘सवय लागेल का,’ हा आपल्याकडील पालकांचा पहिला प्रश्न असतो. तोंडाने, ठरलेल्या मात्रेत घेतलेले मेथिलफेनिडेट मेंदूत सावकाश चढते, आणि व्यसनास कारण होणारा आकस्मिक उल्हास त्यातून निर्माण होत नाही. बालपणी उपचार झालेल्यांत पुढे व्यसनाचे प्रमाण अधिक आढळत नाही, असेच आजवरचे अभ्यास सांगतात. धोका आहे तो गोळी दुसऱ्याच्या हाती जाण्यात. भावाची गोळी परीक्षेच्या आदल्या रात्री बहिणीने घेणे, वसतिगृहात ती खोलीमित्राला विकणे, चुरा करून ओढणे, हे प्रकार जेथे औषध मुबलक आहे अशा देशांत घडलेले आहेत. प्रवेशपरीक्षांच्या तयारीवर जेथे उभा बाजार चालतो आणि रात्रपाळीची कार्यालये जेथे शेकड्यांनी आहेत, त्या बेंगळूरुने या बाबतीत गाफील राहू नये. घरात औषध आईबापांच्याच ताब्यात असावे आणि गोळ्या मोजून ठेवलेल्या असाव्यात.

मात्र कुलपाचा जाच ज्यांना होतो त्यांचीही बाजू मांडली पाहिजे. ‘२०-एफ’चा परवाना थोडेच दुकानदार काढतात, परिणामी राज्याच्या राजधानीतही हे औषध मोजक्या ठिकाणी मिळते आणि जिल्ह्याच्या गावी पुष्कळदा मिळतच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी मुलखातून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळूरुस येणाऱ्या कुटुंबास चिठ्ठी मिळते, महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या मिळतात, आणि त्या संपल्यावर मुलाचा उपचार दुकानाच्या कपाटावर अवलंबून राहतो. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे हे अंतर काहीसे कमी झाले आहे. तरीही उपचार मध्येच तुटतो. त्याबरोबर वजन, उंची आणि रक्तदाब यांची नोंदही तुटते. अॅटोमॉक्सेटीनसारखे उत्तेजक नसलेले औषध तुलनेने सुलभ आहे, त्याला कुलूप लागत नाही, म्हणून केवळ मिळते या कारणाने ते लिहिले जाण्याचा संभव राहतो. त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि सर्वसाधारणपणे तो मेथिलफेनिडेटपेक्षा कमी असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मेथिलफेनिडेटचा समावेश व्हावा अशी दरखास्त २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये गेली, व दोन्ही वेळा ती नामंजूर झाली. औषध निरुपयोगी आहे असे समितीने म्हटले नाही. उपलब्ध पुराव्याची प्रत आणि दीर्घ मुदतीच्या लाभहानीविषयीची अनिश्चितता यांवर तिने बोट ठेवले. हा पुरावा बहुतांशी अमेरिकेतील व युरोपातील मुलांवरून गोळा झालेला आहे, ज्यांचे वजन, आहार, शाळेचा दिवस आणि हृदयविकारांचा इतिहास आपल्या मुलांहून निराळा आहे. औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या भारतीय मुलांची, तिसरीपासून पंचविशीपर्यंत, एकाच पद्धतीने ठेवलेली नोंद हवी असेल तर तिचे दप्तर निम्हान्ससारख्या संस्थेतच उघडता येईल आणि धारवाड, बेळगाव, पुणे, मुंबई येथील रुग्णालये त्यास जोडता येतील. या कामास नवे यंत्र लागत नाही. उंचीची पट्टी, वजनकाटा, रक्तदाबाचे उपकरण आणि दर सहा महिन्यांनी त्याच मुलास परत बोलावणारा कारकून, एवढे लागते. शासनाने या द्रव्याच्या प्रत्येक चिठ्ठीची दुसरी प्रत दोन वर्षे राखून ठेवण्याचा हुकूम केलेलाच आहे; त्या चिठ्ठीवर ज्याचे नाव आहे त्या मुलाची प्रकृती पुढे कशी राहिली याची नोंद ठेवण्याचा हुकूमही त्याने करावा, अशी माझी मागणी आहे.